पायरीवरची फुली

पंढरीनाथ मेश्राम रेल्वेतून निवृत्त झाले, पण त्यांची हातोडी काही निवृत्त झाली नाही.

स्टेशनात गाडी उभी राहिली की एक माणूस वाकून वाकून डब्यांच्या चाकांवर लांब दांड्याची हातोडी मारत जातो. आपण चहाचा घोट घेता घेता त्याच्याकडे बघतो आणि लगेच विसरतो. जयपूर जंक्शनवरचा तो माणूस म्हणजे पंढरीनाथ. चाक खणखणीत वाजलं की पुढचं चाक; बद्द वाजलं की खिशातून खडू काढून डब्यावर फुली. फुलीचा डबा 'सिक', म्हणजे आजारी. मग त्याला गाडीतून तोडून दुरुस्तीच्या रुळावर, सिक लाइनला ढकलायचा. वर्ध्याहून बदली होऊन ते जयपूरला आले तेव्हा मुलगा प्रबुद्ध कडेवर होता. आता प्रबुद्ध बंगळुरूला स्वतःच्या पोराला कडेवर घेऊन फिरतो. मधल्या साऱ्या वर्षांत पंढरीनाथांनी पास केलेल्या गाडीला वाटेत काही झालं, असं कधी ऐकू आलं नाही. ह्याचा त्यांना अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माठ घ्यायला गेले की हे गृहस्थ दुकानातले सगळे माठ बोटाच्या पेराने वाजवून बघत, आणि कुंभार कपाळाला हात लावून बसे. टरबूज, कुकर, बाजेची लाकडं, दरवर्षी एकदा स्वतःचं घरसुद्धा, कशालाच त्यांच्या हातून सुटका नव्हती. प्रबुद्धच्या लग्नात त्यांनी मांडवाचे खांब वाजवले होते. व्याह्यांना वाटलं, हा काहीतरी मेश्रामांच्या घराण्यातला रिवाज असेल, म्हणून त्यांनीही दोन टिचक्या मारल्या.

अशा माणसाने घर विकायला काढलं, म्हणजे काय होणार ते सांगायला नकोच.

घर मालवीय नगरात. हाउसिंग बोर्डाचं, एकमजली, पुढे स्कूटर मावेल एवढं अंगण आणि अंगणातूनच गच्चीवर जाणारा दगडी जिना. जिना त्या भागातल्या जुन्या पद्धतीचा. प्रत्येक पायरी म्हणजे एक अखंड पट्टी, तिचं एक टोक भिंतीत रुतलेलं आणि दुसरं हवेत मोकळं. घर चांगलं होतं. विकायचं कारण वेगळं होतं आणि त्या कारणाचं नाव होतं लता.

लता ही विमलची, म्हणजे पंढरीनाथांच्या बायकोची, थोरली बहीण. वर्ध्याला एकटीच राहायची. हल्ली तिला उभ्या उभ्या चक्कर येई, आणि एकटं राहू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सोबतीला शेजारची एक मुलगी झोपायला यायची, पण तिचं लग्न फेब्रुवारीत ठरलं होतं. त्याच्या आत विमलला वर्ध्याला पोचायचं होतं. लताचं घर इतकं लहान, की तिथे तिघांनी राहायचं तर मागे एक खोली काढायला हवी, आणि जयपूरचं घर विकल्याशिवाय ती खोली काही उठत नव्हती. पंढरीनाथांनी शब्द दिला होता. "माझ्या बदलीमागं तू आली, आता तुझ्यामागं मी येतो," असं ते म्हणाले होते. विमलने त्यावर फक्त "बघू" म्हटलं होतं. पण त्या दिवशी तिने शेवयांची खीर केली होती.

दिवाळी झाली. पवन नावाचा दलाल घर बघून गेला. तरुण, तुरतुरीत, बोलायला गोड. तो म्हणाला, "अंकलजी, गिऱ्हाईक पहिल्या नजरेत पटतं. समोरच्या दर्शनी भिंतीला दगडाची टाइल, बैठकीला फॉल्स सीलिंग, आत लपलेले दिवे, किचन मॉड्युलर. बस्स. आणि ह्या भिंतीवरचे फोटो तेवढे उतरवून ठेवा. गिऱ्हाइकाला भिंत कशी मोकळी दिसली पाहिजे."

भिंतीवर बुद्धाचा एक फोटो होता, बाबासाहेबांचा एक होता, आणि त्यांच्या खाली लता आणि विमल लहानपणी दोन वेण्या घालून उभ्या होत्या.

"घर विकून राहिलो बेटा," विमल चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत म्हणाली. "आम्ही नाही विकायला काढलो. फोटो राहतील."

पवन ओशाळला. तसा तो वाईट नव्हता, त्याने चहा संपवून वरून बिस्किटंही खाल्ली. पण सीलिंगचं पिल्लू सोडून गेलाच. संध्याकाळी प्रबुद्धचा फोन आला तर तोही तेच. "बाबा, मतलब, किचन तर करावंच लागेल ना. आजकल किचन बघूनच घर घेतात लोक." प्रबुद्धची मराठी अशीच; शब्द आईचे, चाल जयपूरच्या शाळेची.

पंढरीनाथांना ह्यातलं काहीच पटत नव्हतं. झगमगाटावर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणाले, "आधी तपासणी." आणि माळ्यावरून हातोडी निघाली.

चार दिवस घर ठणठण वाजत होतं. बैठकीतली फरशी, स्वयंपाकघरातल्या टाइल, दारांच्या चौकटी, भिंतींचा गिलावा, पाण्याच्या टाकीचं झाकण. जिथे बद्द आवाज येईल तिथे फुली. जिथे ओल दिसेल तिथे फुली. खटका दाबला आणि दिवा क्षणभर उशिरा लागला, तर खटक्याच्या शेजारी फुली. चौथ्या दिवशी विमल मेथीची जुडी घेऊन घरात शिरली आणि दारातच थांबली. घरात फुल्याच फुल्या झाल्या होत्या. देवीच्या रोग्याचं अंग जसं दिसतं, तसं बिचारं घर दिसत होतं.

"हे काय करून ठेवलं?"

"दुरुस्तीची जागा. सगळं नीट केल्याशिवाय पवनला गिऱ्हाईक आणू द्यायचं नाही. मी सिक डबा आजवर गाडीला लावला नाही."

विमलने जुडीचा दोरा सोडला आणि मेथी निवडायला बसली. पंढरीनाथांना वाटलं, पटलं. इतकी वर्षं संसार करून माणसाला एवढं कळू नये, की बायको गप्प बसून मेथी निवडते तेव्हा तिला काही एक पटलेलं नसतं!

दुरुस्त्या सुरू झाल्या. एक फुली पुसावी तर शेजारी दोन उगवत. बैठकीतली एक फरशी काढली, तर तिची शेजारीण पोकळ निघाली. डिसेंबर अर्धा सरला, साठवलेला पैसा वितळायला लागला, आणि गिऱ्हाईक एकही आलं नाही. अशात एका दुपारी लताचा फोन आला. तिच्या हातून दुधाचं पातेलं निसटलं होतं. भाजलं नाही, पण पुसताना तिला पुन्हा चक्कर आली. "काही नाही गं, बसली होती थोडा वेळ फरशीवरच," ती हसत म्हणाली. विमलही हसली. फोन ठेवला, आणि मग मोरीतून ओलं फडकं पिळून घेऊन आली.

पंढरीनाथ उन्हात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी आतून फडक्याचा आवाज ऐकला. जाऊन बघतात तर विमल बैठकीतल्या फरशीवरची फुली खसाखसा पुसत होती.

"अगं, ती पोकळ आहे!"

"प्रबुद्ध रांगत होता तेव्हापासून पोकळ आहे. हिच्यावर बसून त्याला भरवलं मी. आजवर कोणी पडलं का आत?" तिने दुसरी फुली पुसली. "तुम्ही मले एक सांगा. डब्याचा रंग उडाला म्हणून गाडी थांबवली का कधी?"

"रंगासाठी काहून थांबवीन?"

"सीट फाटली म्हणून?"

"नाही."

"मग काय बघत होते?"

"चाक, ब्रेक, जोड. ज्याच्यानं माणूस मरते ते."

"तेच बघा ना मग!" विमल कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गच्चीचा सांधा गळते, तो करा. तो खटका ठिणगी मारते, तो बदला. मोरीचं पाणी तुंबते, ते काढा. किचनच्या टाइल राहू द्या. येणारी बाई आपल्या उंचीचा ओटा करून घेईल, आपल्या आवडीच्या फरश्या लावेल. मी काहून तिच्यासाठी रंग निवडू? आपण हजारो घालायचे आणि तिनं पहिल्याच महिन्यात फोडून टाकायचं. अन् ते सीलिंग तं मले मेली तरी नको. एवढी उंच छत, उन्हाळ्यात तिच्याच जिवावर जगलो इथं."

असं म्हणत म्हणत ती घरभर फिरली. पंढरीनाथ हातोडी घेऊन तिच्या मागे मागे. ती फुलीसमोर उभी राही, क्षणभर बघे, आणि एक तर पुसे नाही तर सोडून पुढे जाई. ठोकून बघणं नाही, कान लावणं नाही. पण तिने सोडलेली एकही फुली चुकीची नव्हती, हे पंढरीनाथांना उमजत गेलं. दोष शोधण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण एवढ्या दोषांतून कुठला निस्तरायचा आणि कुठला तसाच ठेवून निघायचं, हे त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. हे ही बाई ओल्या फडक्याने करत होती. त्यांना राग यायला हवा होता. त्याऐवजी, रेल्वेत साहेबाच्या मागे नवा खलाशी, म्हणजे हाताखालचा गडी, चालतो तसे ते तिच्यामागे चालत राहिले, आणि मनातल्या मनात म्हणाले, वा गं विमल.

शेवटी ती अंगणात आली. तिने त्यांच्यापुढे हात केला. "खडू द्या."

"आता खडू कशाले?"

तिने खडू घेतला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठसठशीत फुली मारली.

पंढरीनाथ चाट पडले. पायऱ्या तर त्यांनी पहिल्याच दिवशी वाजवल्या होत्या. त्यांनी पुन्हा हातोडी घातली. पायरी अशी वाजली, जशी देवळातली घंटा वाजावी. दुसरी, तिसरी, सगळ्या खणखणीत. "ह्यांना काय झालं? घरात फिट काही असेल तं हा जिना आहे."

"कठडा पाहिजे," विमल म्हणाली. "उरलेले पैसे त्याच्यात घाला. अन् वळणावर बसायले एक दगड."

पवनला कळलं तेव्हा तो फोनवरच हसला. "आंटीजी, कठडा बघून घर कोण घेतं? लोक किचन बघतात, गाडी लावायची जागा बघतात." प्रबुद्धलाही ते विचित्रच वाटलं. पंढरीनाथांनाही वाटलं, पण त्यांनी वाद घातला नाही. ज्या बाईने इतक्या फुल्या बरोबर पुसल्या, तिने मारलेल्या एका फुलीवर हुज्जत घालायला तोंड हवं ना!

विमल स्वतः वेल्डिंगवाल्याच्या दुकानात गेली. त्याने चौकोनी नळ्या दाखवल्या, वेलबुट्टीच्या दाखवल्या, वर पितळी बोंडं बसवलेल्या दाखवल्या. विमलने सगळ्या बाजूला सारल्या. गोल नळ्या मागवल्या आणि एकेक मुठीत धरून, तिच्यावर भार टाकून पाहिला. एक जाड होती, एक बारीक. शेवटी एका नळीवर तिची मूठ पुरती मिटली. "ही," ती म्हणाली. उंचीही तिनेच सांगितली, कोपरापाशी हात ठेवून. पंढरीनाथ बाजूला उभे राहून बघत होते. ही कुठे शिकली हे सगळं, असं त्यांच्या मनात आलं. पण विचारायचं राहून गेलं. बायकोला विचारायच्या गोष्टी नवरे असेच राहू देतात.

जानेवारी लागता लागता गच्चीचा सांधा बुजला, खटका बदलला, मोरी वाहती झाली आणि जिन्याला हिरवा कठडा लागला. जयपूरजवळच्या चौमूं गावचं एक कुटुंब रविवारी घर बघायला येईल असं पवनने कळवलं. मुलगा कैलाश सैनी मालवीय नगरातल्याच एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायचा, रोज चौमूंहून ये-जा करून वैतागला होता. बायको-पोरांना आणि आईला घेऊन इकडेच राहायला यायचा त्याचा विचार होता.

आणि शनिवारी सकाळी विमल बाजारात गेली. घरात पंढरीनाथ एकटे, हातोडी एकटी. उद्या गिऱ्हाईक येणार म्हटल्यावर त्यांना एका जागी बसवेना. गाडी सुटण्याआधी शेवटची फेरी मारल्याशिवाय त्यांना कधी चैन पडलं नव्हतं. ते म्हणाले, नुसतं वाजवून बघू. वाजवता वाजवता खडू कधी हातात आला ते त्यांचं त्यांना कळलं नाही. विमलने पुसलेल्या जवळजवळ सगळ्या फुल्या पुन्हा आपापल्या जागी जाऊन बसल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. दारात पवन, त्याच्यामागे कैलाश आणि डोक्यावरून लाल लुगडी, म्हणजे तिकडची ओढणी, घेतलेली त्याची आई. माँजींना जयपुरात नातलगाकडे यायचं होतं, म्हणून म्हटलं आजच घर दाखवून टाकू, असं पवन म्हणत होता. म्हणता म्हणता त्याची नजर भिंतीवर गेली आणि त्याचं वाक्य घशातच राहिलं.

"हे काय आहे?" कैलाशने विचारलं. माँजींनी पदर सावरला. दारातच फुली बघून त्यांना नजर-टोण्याची शंका आली असावी.

पवन डोळ्यांनी खुणावत होता, काहीही सांगा, पोरांनी खेळ केला म्हणून सांगा. पण पंढरीनाथांना खोटं बोलता येत नसे. आणि तपासणीबद्दल तर ते मेले असते तरी खोटं बोलले नसते. ते म्हणाले, "हे दोष आहेत." आणि पाहुण्यांना घेऊन निघाले. ही फरशी पोकळ. ही चौकट पावसाळ्यात फुगते. ही टाइल आज ना उद्या पडणार. दर फुलीला ते थांबत, हातोडीने वाजवून दाखवत आणि समोरच्याला आवाज कळला की नाही हे विचारत. कैलाशचा चेहरा फुलीगणिक लांबत गेला. पवनने तर भिंतीला टेकून डोळे मिटले. पंढरीनाथांनाही दिसत होतं, आपण आपल्या हाताने घर बुडवतोय. डोळ्यांपुढे लता येत होती, फरशीवर बसलेली, हातात फडकं. पण तोंड थांबेना.

विमल आली तेव्हा सगळे स्वयंपाकघरात उभे होते. तिने एका नजरेत सारं ओळखलं. मटाराची पिशवी ओट्यावर ठेवली. पंढरीनाथांनी मान खाली घातली. आता बोलणी खायची, आणि ती खायलाच हवीत, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

विमल कैलाशकडे वळली. तिची हिंदी मोडकी, पण सरळ होती. "बेटा, ह्यांनी जन्मभर गाड्या तपासल्या. खोट दिसली की सांगतात, घरची असो की परक्याची. आता तू दुसरी घरं बघायला जाशील, तिथे भिंती चकाचक असतील. तिथे खोट कोण दाखवेल तुला? इथली तुला सगळी माहीत झाली. जे धोक्याचं होतं ते आम्ही नीट करून घेतलं. हे राहिलंय ते तुझ्या सवडीनं कर, तुझ्या आवडीनं कर. त्याच्याआधी घर पडणार नाही, एवढं ह्यांच्या हातोडीवर लिहून घे."

पंढरीनाथांनी मान वर केली. बुडवलेलं घर ही बाई केस धरून वर काढत होती, आणि तेही त्यांनाच पुढे करून.

कैलाश विचारात पडला. "पटतंय तुमचं," तो सावकाश म्हणाला. "पण आईला विचारल्याशिवाय... आई? आई कुठे गेली?"

माँजी खोलीत नव्हत्या, अंगणात नव्हत्या. फाटक बंद होतं. कैलाश घाबरला. "गुडघ्यांनी अधू आहे ती, कुठे जाईल?" आणि एवढ्यात वरून हाक आली.

"कैलाश! अरे, वर ये!"

सगळे जिना चढून वर गेले. विमल सगळ्यांत शेवटी. माँजी गच्चीवर उन्हात उभ्या होत्या, लुगडीचा पदर वाऱ्यावर उडत होता, आणि त्या झालाणाच्या टेकड्यांकडे बघत होत्या. संक्रांत तोंडावर आलेली. आसपासच्या गच्च्यांवरून पतंग सुटले होते.

"मी एकटी चढले," त्या आपल्या ठसकेबाज बोलीत लेकाला सांगू लागल्या. "हे धरलं आणि चढले. मध्ये त्या दगडावर बसले, पुन्हा चढले. चौमूंला आपलीच गच्ची आहे आणि मी वर जाऊन किती संक्रांती झाल्या रे? तुम्ही वर पतंग उडवता, मी खाली आरडाओरडा ऐकते. पापड वाळायला सुनेच्या हाती देते आणि नुसती खालून सांगते, ऊन कुठे आहे बघ. इथे मी चढले. मला हे घर हवं."

"आई, किचन तरी नीट बघ..."

"किचन तुझी बायको बघेल. हे कोणी करून घेतलं?" त्यांनी कठड्यावर थाप मारली.

"हिनं," पंढरीनाथ म्हणाले, आणि वळून पाहिलं.

विमल शेवटच्या पायरीवर पोचत होती. कठडा मुठीत घट्ट, एकेक पाऊल टेकवत, ओठ दाबून. वर आली आणि तिने श्वास सोडला. मग तिनेही आधी टेकड्यांकडे पाहिलं. अगदी माँजींसारखंच, बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस भेटल्यासारखं.

माँजींनी तिच्याजवळ जाऊन तिचा हात धरला. "तुमचेही गुडघे?" त्यांनी हळूच विचारलं. विमल नुसती हसली.

त्या दोघी उन्हात उभ्या राहिल्या आणि पंढरीनाथांना एकेक आठवायला लागलं. गच्चीवरची कपड्यांची दोरी विमलने अंगणात कधी बांधून घेतली. "वर धूळ फार येते," असं म्हणाली होती. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं कधी बंद झालं. "डास चावतात." संक्रांतीला तिळगुळाची थाळी त्यांच्याच हाती वर पाठवायची आणि आपण खाली थांबायची. "कढईत तेल तापलंय." दर वेळी एक कारण, आणि दर वेळी त्यांनी ते खरं मानलेलं. चालत्या गाडीच्या आवाजावरून चाकाची चीर ओळखणारा हा माणूस, आणि घरातल्या घरात बायकोची गच्ची सुटली ते ह्याच्या कानावर आलं नव्हतं.

पाहुणे बोलणी पक्की करून गेले. पवन जाताना विमलच्या पाया पडला आणि म्हणाला, "आंटीजी, पुढच्या घरी तुम्हाला सोबत घेऊन जातो." फाटक लागलं. पंढरीनाथ जिन्याच्या वळणावरच्या दगडावर बसले. त्यांच्याने वरही जाववेना, खालीही येववेना. विमल वरून उतरत आली.

"सांगितलं काहून नाही?" त्यांनी विचारलं. "एवढ्या वर्षांत एकदा म्हणायचं, कठडा लावा. मी नाही म्हटलं असतं का?"

विमल त्यांच्याशेजारी टेकली. गुडघ्यावर हात फिरवू लागली.

"तुम्ही दरवर्षी घर वाजवत होते," ती म्हणाली. "जिन्यावर तुमची फुली कधी पडली नाही. मग मले वाटलं, पायऱ्या फिट आहेत. मीच सिक झाली."

तिने हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं, तसं म्हटलं. पंढरीनाथांना मात्र ते लागलं. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि उघड्या अंगणात, शेजारच्या गच्चीवरून पोरं बघत असताना, तसाच धरून ठेवला.

लताच्या सोबतीला येणाऱ्या मुलीच्या लग्नाआधी दोघं वर्ध्याला पोचले. लता दारात उभी होती, चौकटीला धरून. "जय भीम, भाऊजी," म्हणाली आणि बहिणीच्या गळ्यात पडून जी रडली ती थांबेचना. सामान आत आलं. चहा झाला. मागे खोली कुठे काढायची ते बघायला पंढरीनाथ उठले आणि सवयीने पिशवीतून हातोडी काढली. भिंतीवर मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. हातोडी त्यांनी परत पिशवीत ठेवली.

मग खिशातला खडू काढून ते विमलपाशी आले.

"तू चाल," ते म्हणाले. "लताताईले पण सोबत घे. साऱ्या घरातून चाला, मोरीपर्यंत, मागच्या दारापर्यंत. जिथं पाय अडेल, जिथं काही धरावंसं वाटेल, तिथं फुली मार. मी वाजवून बघणार नाही."

विमलने खडू घेतला. बहिणीचा हात धरून ती उंबरठ्यापाशी आली. उंबरठा उंच होता, जुना, सागवानी, हातोडीखाली खणखणीत वाजला असता. विमलने वाकून त्याच्यावर पहिली फुली मारली. मग वळून तिने पंढरीनाथांच्या सदऱ्याच्या खिशापाशी खडू नेला आणि थांबली.

"मार ना," पंढरीनाथ म्हणाले.

"नको," विमल म्हणाली. "ह्या डब्याची दुरुस्ती सुरू झाली."